तानोसेचं मोहोळ

आमच्या कागेउरात घरं चोवीस, त्यातली चूल पेटणारी अकरा आणि माणसं सोळा. तरी पत्त्यात शहराचं नाव लिहावं लागतं. त्सुशिमा बेटावरच्या सहा गावांचं मिळून एक शहर झालं, त्याला वीस वर्षं होत आली. शहर झालं म्हणजे काय, तर कचेरीच्या पाकिटावरचा शिक्का बदलला. डोंगर जिथल्या तिथे, खाड्या जिथल्या तिथे.

मी या शहराची बस चालवते. पलीकडच्या खोऱ्यातल्या दवाखान्यापासून निघायचं, दोन घाट आणि तीन बोगदे पार करून कागेउराच्या धक्क्याशी थांबायचं, की पुन्हा मागं. दिवसाला तीन खेपा. बसमध्ये कुणी असो नसो, पाटीवर वेळ लिहिली आहे म्हणून बस जाते. दुपारच्या खेपेला कागेउरात अडीच तास थांबावं लागतं, आणि तो वेळ माझा शिगेनोकाकूंच्या अंगणात जायचा.

शिगेनोकाकू शहात्तर वर्षांच्या. नवरा, इवाओकाका, जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरामागच्या उतारावर त्यांच्या हातचे अकरा ओंडके अजून उभे होते. आतून कोरून पोकळ केलेले, वर लाकडी झाकण आणि झाकणावर दगड. आमच्याकडे मधमाश्या अशाच पाळतात. सहा वर्षांपूर्वी अळ्यांना रोग लागला आणि एका उन्हाळ्यात अकराच्या अकरा ओंडके ओस पडले. तरी दर वसंतात काकू ते आतून खरवडायच्या, धुरी द्यायच्या, जुनं मेण चोळायच्या. एक माशी फिरकली नाही.

मग एका जानेवारीत त्या अंगणाच्या पायरीवरून घसरल्या आणि चार तास तशाच पडून होत्या. दुपारी चहाला गेले तेव्हा मला दिसल्या. हाड मोडलं नव्हतं. पण फुकुओकाला असलेली मुलगी, चिझुरू, मिळेल त्या बोटीनं आली आणि आठ दिवस राहून, भांडून, रडून आईकडून वदवून घेऊनच गेली. मे महिना संपायच्या आत आई तिच्याकडे कायमची राहायला जाणार होती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी सकाळची खेप घेऊन धक्क्याच्या वळणावर आले, तर शिगेनोकाकू रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या.

"कायो, भोंगा वाजवू नकोस! इंजिन बंद कर आधी!"

थांब्यावरच्या वेळापत्रकाच्या पाटीला माश्यांचा हातभर लांब घोस लटकला होता. त्यातून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा बारीक आवाज येत होता. आणि पाटीच्या दुसऱ्या बाजूला, लाकडी खोकं छातीशी धरून, मोरीकाका उभे होते.

मोरीकाका, पूर्ण नाव मोरीकाझू, म्हणजे आमचे जुने स्क्विडवाले, माकूळ धरणारे कोळी. सत्तरीला टेकलेत. इवाओकाकांच्या बोटीवर पोरसवदा असताना कामाला लागले, तेव्हापासून शिगेनोकाकू त्यांच्या वहिनी. गुडघ्यांमुळे बोटीवर जाणं कमी केलं आणि आदल्या वर्षी त्यांना मधमाश्यांचं वेड लागलं. फोनवर बघून बघून खोकी बनवली. तीही रिकामीच.

"वहिनी, मी पहाटे जाळी वाळत घालत होतो तेव्हापासून बघतोय यांना. आधी मी पाहिल्या."

"पाहिल्यास म्हणून तुझ्या होतात? मग समुद्रातले सगळे मासे तुझेच की!"

"तुम्ही तर महिन्याभरानं निघालात. माश्या घेऊन फुकुओकाला जाणार का? चौथ्या मजल्यावर?"

काकूंचे पसरलेले हात खाली आले. मोरीकाकांनाही बोलल्यावर कळलं असावं, कारण त्यांनी उगाच टोपी काढून पुन्हा घातली.

"ते खोकं बुटांना बरं आहे," काकू शेवटी म्हणाल्या. "असं कर, माझा एक ओंडका उचलून आण इथे. तुझं खोकं त्याच्या शेजारी ठेवू. ज्याच्या घरात जातील त्याच्या."

"ओंडका मीच आणायचा?"

"मग काय मी आणू? माझी कंबर बघ."

मोरीकाकांनी आणला. बसला तेवढ्यात दोन प्रवासी मिळाले, मला निघावं लागलं.

दुपारी पावणेबाराला परत आले तेव्हा दोघं थांब्याचं बाकडं दूर ओढून त्यावर बसलेले. मधे भाताच्या मुटक्यांचा डबा. समोर ओंडका आणि खोकं शेजारी शेजारी, सासरच्या मंडळींसमोर बसवलेल्या दोन मुलींसारखे. माश्या अजून पाटीवरच. गावातली निम्मी माणसं, म्हणजे आठजण, येऊन बघून गेली होती.

"चार माश्या ओंडक्यात शिरून बाहेर आल्या," काकू मला म्हणाल्या.

"सहा माझ्या खोक्यात," मोरीकाका म्हणाले.

"त्यातली एकच सहा वेळा गेली. आंधळी असेल बिचारी."

मी मुटका उचलून तोंडात घातला तोच आवाज बदलला. बारीक होता तो एकदम मोठा झाला. घोस सुटला, हवेत तपकिरी ढगासारखा पसरला, आमच्या डोक्यावरून एक घिरटी घेतली, आणि ओंडका नाही, खोकं नाही, सरळ धक्का ओलांडून पाण्यावर गेला. वारा खाडीच्या पलीकडे वाहत होता. आम्ही डोळ्यांवर हात धरून बघत राहिलो. पलीकडच्या काठावर, जिथे हिरव्या डोंगराच्या पायथ्याशी दगडी बांधांच्या दोन-तीन रेघा दिसतात, तिथे तो ढग नाहीसा झाला.

त्या जागेचं नाव तानोसे. माझ्या जन्माआधी तिथे गाव होतं. दोन्हीकडे कडे, त्यामुळे रस्ता कधी पोचलाच नाही. शाळा बंद झाली तसं सगळं गाव एका वर्षात उठलं. मी लहानपणापासून ते इकडूनच बघत आले आहे. काकूंचं माहेर तिथलं, एवढं ठाऊक होतं. दर ओबोनला, पितरांच्या सणाला, त्या धक्क्यावर उभं राहून पलीकडे तोंड करून हात जोडायच्या. तिकडे का जात नाहीत, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मोरीकाका खोकं उचलू लागले. "जाऊ द्या, वहिनी. गेल्या त्या."

काकू पलीकडे बघत होत्या.

"मोरी, बोट काढ."

"वहिनी..."

"काढ म्हणते ना. ओंडका पण घे. कायो, तुला वेळ आहे?"

"दोन तास आहेत."

"मग चल. हा एकटा मला उतरवू शकणार नाही, गुडघे बघ त्याचे."

खाडी तशी लहानच, मोरीकाकांच्या बोटीनं दहा-बारा मिनिटं. ओंडका मधे आडवा, त्यावर काकू बसलेल्या. निम्म्या पाण्यात आल्यावर काकू मला म्हणाल्या, "तुला माहीत नसेल. माझे वडील तिथे एकटे राहिले होते. गाव उठलं, ते उठले नाहीत."

मोरीकाकांनी सुकाणूवरून मान वळवली नाही.

"मी कागेउरात दिलेली. रोज सकाळी उठून बघायचे, चुलीचा धूर दिसला की कामाला लागायचे. आठवड्यातून दोनदा इवाओ तांदूळ, मीठ पोचवायचे. माझे भाऊ सगळे इझुहाराला गेलेले. मी म्हणायचे, बाबा, या माझ्याकडे. ते म्हणायचे, माश्यांना कोण बघणार? जानेवारीत वायव्येचा वारा सुटला. या खाडीत लाटा येत नाहीत म्हणतात ना, त्या वर्षी आल्या. नऊ दिवस बोट घालता येईना. तुषारांनी पलीकडचं काही दिसेना. दहाव्या दिवशी उघडलं. धूर नव्हता."

पुढचं मोरीकाकाच म्हणाले, "मी होतो बोटीवर. एकोणीस वर्षांचा. शेगडीपाशी बसलेले होते सेइकिचीकाका. तांदूळ होते, सरपण होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वहिनी, मी तेव्हाही सांगितलं होतं, त्यात कुणाची..."

"समोर बघून बोट हाक," काकू म्हणाल्या.

तानोसेचा धक्का अर्धा खचला होता. मोरीकाका पाण्यात उतरले, मी वरून हात दिला, आणि शिगेनोकाकूंनी पन्नास वर्षांनी माहेरच्या दगडावर पाय ठेवला. मला वाटलं होतं त्या थांबतील, रडतील. त्या म्हणाल्या, "पायऱ्या इतक्या अरुंद होत्या होय!" आणि काठी टेकत पुढे निघाल्यासुद्धा.

घरं कोसळून त्यावर बांबू माजला होता. रानडुकरांनी शेतांचे बांध उकरले होते. एका भिंतीशी मोठं त्सुबाकीचं झाड, खाली लाल फुलांचा सडा, आणि त्याच्या वाकलेल्या फांदीवर आमचा घोस. काकूंनी फांदीखाली ओंडका उभा करायला सांगितला, झाकण काढलं, आणि मोरीकाकांना म्हणाल्या, "आता फांदीला एकच झटका. पण जोरात. भीत भीत दिलास तर आपली धडगत नाही."

मोरीकाकांनी दिला. घोस धप्पकन आत पडला. काकूंनी उघड्या हातांनी, मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं, झाकण वर सरकवलं. बाहेर राहिलेल्या माश्या खालच्या फटीतून रांगेनं आत शिरू लागल्या.

"राणी आत गेली," काकू म्हणाल्या. "बसल्या."

मोरीकाका हसले. "ओंडका तुमचा, बोट माझी. आता माश्या कुणाच्या?"

काकू डोळे बारीक करून त्सुबाकीच्या फुलांकडे बघत होत्या.

"या आपल्या नव्हेत."

"कोण?"

"या बघ. या फुलावरच्या. पायांना पिवळे गोळे दिसतायत? पराग नेतायत. घर नसलेली माशी पराग गोळा करत नाही, कुणासाठी करेल? यांचं घर आहे. इथेच कुठे तरी, अन् पिल्लं आहेत त्यात." त्यांचा आवाज चढला. "मोरी, यांना रोग लागलाच नाही! पाणी मधे होतं!"

मग त्या माशीमागून निघाल्या. मी सांगते, जानेवारीत पायरीवरून पडलेली बाई ती. एक माशी उडाली की तिथवर जायचं, थांबायचं, दुसरी दिसली की तिच्या मागं. बांबूतून, तुटक्या बांधांवरून, वर. मोरीकाका मागून "वहिनी, सावकाश" म्हणत धापा टाकत होते. शेवटी झाडीत एक मोकळी सपाट जागा आली. सातआठ शेवाळलेले दगड उभे होते. गावाच्या कबरी.

काकू थबकल्या. सगळ्यात कडेच्या दगडाच्या तळाशी, चौथऱ्याच्या दोन चिऱ्यांमध्ये, बोटभर फट होती. माश्या तिथून ये-जा करत होत्या. फटीचा काठ त्यांच्या पायांनी घासून गुळगुळीत, काळा झाला होता. एका ऋतूत तसा होत नाही.

दगडावर काय लिहिलं आहे ते मी वाचायची गरज नव्हती. मोरीकाकांनी टोपी काढली होती. बाकीच्यांच्या अस्थी भावांनी पुढे इझुहाराच्या देवळात हलवल्या होत्या. सेइकिचींनी मात्र आधीच बजावून ठेवलं होतं, मला हलवायचं नाही.

काकू खाली बसल्या. गवतावर, पाय पसरून, लहान मुलीसारख्या.

"काय हो बाबा," त्या फटीकडे बघत म्हणाल्या. "अंगावरच घर बांधू दिलंत होय त्यांना?"

आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. मी जवळ जायला निघाले, तर मोरीकाकांनी मला हातानं थांबवलं. आम्ही दोघं बांधावर जाऊन बसलो. त्या दिवशी परतीची बस कागेउरातून पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. बसमध्ये एकच आजोबा होते, त्यांना सगळं माहीत होतं.

त्यानंतर मोरीकाकांनी उरलेले ओंडके एकेक करून पलीकडे नेले. काकूंनी त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगितली, कबरीतल्या मोहोळाला हात लावायचा नाही. त्यातून झुंडी निघतील त्या ओंडक्यांत येतील, तेवढ्या आपल्या. मेच्या मध्याला दोन आल्या. मोरीकाकांचं एक खोकंही नेलं होतं. त्यात मुंग्या झाल्या.

आता मे संपायला आला आणि काकूंच्या सामानाची बांधाबांध काही होईना. चिझुरूचे फोन सुरू झाले. दुपारी मी तिथे असायचे, त्यामुळे काकूंची बाजू मला ऐकू यायची. "अगं, झुंडी निघतायत." मग, "अगं, भाताची लावणी आहे." "तुझी कुठे आहे लावणी?" असं चिझुरूनं विचारलं असणार, कारण काकू म्हणाल्या, "शेजारच्यांची!"

जुलैत चिझुरू स्वतःच आली. माझ्याच बसनं. चाळिशीची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून हात लाल झालेले, तोंड घट्ट मिटलेलं. बसमधून उतरताना मला म्हणाली, "कायोताई, तुम्ही पण तिला सामील आहात ना?"

"मी बस चालवते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. काकूंनी लेकीला पलीकडे न्यायचं ठरवलं आणि मलाही ओढलं. बोटीत दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. ओंडक्यांजवळ चिझुरूच्या पापणीला माशी चावली, डोळा सुजून बंद झाला, आणि ती जी चिडली! "या किड्यांसाठी तू इथे मरणार आहेस? जानेवारीत चार तास पडली होतीस! त्या दिवशी कायोताई आल्या नसत्या तर? तू फोन उचलत नव्हतीस आणि मी तिथे अडीचशे पोरांचा रस्सा ढवळत उभी होते! मला काय वाटत होतं तुला माहीत आहे का?"

काकू शांतपणे तिच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "माहीत आहे."

"नाही माहीत!"

"चल. वर चल माझ्याबरोबर."

त्यांनी चिझुरूला कबरीपाशी नेलं. आजोबा आजारपणात गेले, एवढंच तिला सांगितलेलं होतं. मोरीकाका आणि मी खालीच थांबलो, त्यामुळे वर काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. अर्ध्या तासानं दोघी खाली आल्या तेव्हा चिझुरूनं आईचा दंड धरला होता आणि तिचा दुसरा डोळाही लाल होता.

बोटीत काकू म्हणाल्या, "गांधीलमाश्यांचा हंगाम संपला की येते मी. ऑक्टोबर अखेर. तोवर मोरीला शिकवायचं आहे."

"मेमध्ये पण असंच म्हणाली होतीस."

"मेमध्ये तू मला नेत होतीस. आता मी येते आहे." मग त्या म्हणाल्या, "माझ्या बापाचा हट्ट आहे माझ्यात. पण धुराकडे बघत बसायला मी तुला लावणार नाही."

सुजलेल्या डोळ्यावर ओला रुमाल धरून चिझुरू आईच्या खांद्याला टेकून बसली.

सप्टेंबरभर मोरीकाका जुनी बॅडमिंटनची बॅट घेऊन तानोसेत मधमाश्यांवर तुटून पडणाऱ्या गांधीलमाश्या मारत होते. काकू दगडावर बसून हुकूम सोडायच्या. "डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे!" पहिल्या वर्षी मधाला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे, त्यामुळे मध काढलाच नाही. ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला शिगेनोकाकू दोन पिशव्या घेऊन सकाळच्या बसमध्ये चढल्या. मोरीकाका बंदरापर्यंत पोचवायला आले. वाटेत दोघांचं सगळं बोलणं ओंडक्यांवर हिवाळ्यात किती गवत घालायचं यावर झालं.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या परतल्या, झुंडींच्या दिवसांपुरत्या. दीड महिना राहिल्या, गेल्या. मग शरदात मध काढायला चिझुरूला घेऊन आल्या. वरची पोळी कापून घेतली, खालची माश्यांना ठेवली. तो मध काळसर होता, थोडा कडवट, घशात रेंगाळणारा. त्या संध्याकाळी काकूंच्या घरी आम्ही चौघं रताळ्याच्या पिठाच्या शेवया रश्श्यात घालून खात होतो. चिझुरू आईला म्हणाली, "वसंतात मला पंधरा दिवस रजा मिळेल का विचारते. झटका द्यायला मोरीकाकांचे गुडघे पुरणार नाहीत."

"गुडघ्यांचा काय संबंध?" मोरीकाका म्हणाले. "झटका हातानं देतात."

"तुझा हात पण बघितलाय मी," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या वाटीत आणखी शेवया वाढल्या.